एचटी-२ जुन्या सिम्युलेटरमधून नव्यात नेताना: बेळगावचं एक प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण बेळगावातल्या अनगोळ भागातल्या एका घरातलं. ओळख पटू नये म्हणून नावं गाळली आहेत आणि घरगुती तपशील थोडे बदलले आहेत. ज्यांचं हे विमान त्यांना इथे काका म्हणतो. मूळचे खानापूर तालुक्यातले, वायुसेनेत एअरफ्रेमचे, म्हणजे विमानाच्या सांगाड्याचे, तंत्रज्ञ. उमेदीची बरीच वर्षं बिदरला एचटी-२ या शिकाऊ विमानाच्या देखभालीत गेली. विमान खोललं, जोडलं, ढकललं, धुतलं. चालवलं मात्र नाही. हा फरक पुढे महत्त्वाचा ठरतो.

एचटी-२ म्हणजे हिंदुस्तान ट्रेनर-२. बंगळुरात बांधलेलं, १९५१ च्या ऑगस्टमध्ये पहिल्यांदा उडालेलं, एकामागे एक अशा दोन आसनांचं धातूचं विमान. पंख खाली, चाकं कायम बाहेर, शेपटाला छोटं चाक, पुढे १५५ अश्वशक्तीचं सिरस मेजर इंजिन. त्याचा आराखडा करणारे डॉ. विष्णू माधव घाटगे गडहिंग्लजजवळच्या हसूरचंपूचे. जर्मनीत गटिंगेनला लुडविग प्रांटल यांच्याकडे शिकलेले. आपल्या भागातल्या माणसाचं विमान, हे काका सांगितल्याशिवाय राहत नाहीत. हसूरचंपू आता महाराष्ट्रात आणि अनगोळ कर्नाटकात, पण त्यांच्या लेखी ते एकच.

२००९-१० च्या सुमारास काकांनी कॉलेजात शिकणाऱ्या पुतण्याला हाताशी धरून हे विमान मायक्रोसॉफ्टच्या फ्लाइट सिम्युलेटर एक्स या संगणकावर विमान उडवायच्या कार्यक्रमात उभं केलं. आकार जीमॅक्समध्ये. ते त्रिमिती आकार घडवायचं साधन फुकट मिळायचं, पण त्याची निर्मिती तेव्हाच थांबलेली होती. पुतण्याने माउस धरायचा आणि काकांनी मागे उभं राहून ‘इथं रिव्हेटची ओळ येते’ असं सांगायचं, असं ते महिनोन्‌महिने चाललं. कातडीवर रुपेरी रंग चढवला. उपकरणं काही पुतण्याने स्वतः लिहिली, काही इंटरनेटवरून उतरवली. उडण्याचे आकडे दोघांनी हाताने फिरवून फिरवून जमवले.

मग पुतण्या नोकरीला पुण्याला गेला. जुन्या संगणकाची हार्ड डिस्क गेली, तिच्याबरोबर जीमॅक्सच्या मूळ फाइलीही गेल्या. उरलं ते एका सीडीवरचं तयार विमान: जुळवून बंद केलेली मॉडेलची एमडीएल फाइल, चित्रं, पॅनेल, आणि विमानाचे आकडे ठेवणाऱ्या दोन फाइली, एअरक्राफ्ट डॉट सीएफजी आणि एक डॉट एअर.

अडचण

इंजिनीअरिंग शिकणाऱ्या नातीने नवा संगणक घेतला आणि त्यावर फ्लाइट सिम्युलेटरची २०२० ची आवृत्ती टाकली. उपग्रहाच्या छायाचित्रांवरून उभी केलेली जमीन, त्यामुळे सांबऱ्याच्या विमानतळावरून उडालं की खाली बेळगावचा किल्ला दिसतो, पश्चिमेला राकसकोप धरणाचं पाणी दिसतं. काकांनी ते पाहिलं आणि एकच विचारलं, “ह्यात आपलं विमान का न्हाई ओ?”

नातीने सीडीवरचं फोल्डर उचलून नव्या सिम्युलेटरच्या कम्युनिटी फोल्डरात, म्हणजे बाहेरची विमानं ठेवायच्या जागी, टाकलं. विमान यादीतच आलं नाही. तिने माझ्याकडे विचारणा केली. माझं काम त्रिमिती मॉडेलिंगचं. सिम्युलेटर हा जुना नाद.

यादीत न येण्याचं कारण किरकोळ होतं. नव्या आवृत्तीत प्रत्येक पॅकेजसोबत लेआउट डॉट जेसन नावाची फाइल लागते. तिच्यात आतल्या प्रत्येक फाइलचं नाव आणि आकार लिहिलेला असतो, आणि ज्याची नोंद नाही ते सिम्युलेटरच्या हिशेबी नसतंच. ही यादी आपोआप बनवून देणारं छोटं साधन मिळतं. ते चालवलं, विमान आलं. पण जे आलं ते पाहून नात म्हणाली, “अज्जाला आत्ताच दाखवायला नको.” अज्जा म्हणजे आजोबा, आपले काका.

विमान भुतासारखं आरपार दिसत होतं. धावपट्टीवर येताच हातभर वर उडून आपटत होतं आणि थरथरत उभं राहत होतं. कॉकपिटमध्ये निम्म्या उपकरणांच्या जागी काळी भोकं होती. आणि थ्रॉटल पुढे केलं की ते उडण्याऐवजी झेपावत होतं.

चार दुखणी, चारही वेगळ्या कारणांची. इथेच पहिला निर्णय घ्यावा लागला: हे एक विमान म्हणून न्यायचं, की त्याचे भाग मोकळे करून प्रत्येकाचा वेगळा विचार करायचा?

पर्याय

सगळ्यात स्वस्त पर्याय म्हणजे काहीच न करणं. जुन्या सिम्युलेटरची स्टीम या खेळांच्या ऑनलाइन दुकानावरची आवृत्ती डिसेंबर २०१४ पासून मिळते आणि आजच्या विंडोजवर चालते. तिच्यात हे विमान जसंच्या तसं उडालं असतं. तंत्राच्या दृष्टीने हाच शहाणपणाचा मार्ग होता, आणि मी तो आधी मांडला. काकांनी ऐकून घेतला, पण त्यांना जुन्या सपाट हिरव्या-तपकिरी जमिनीवर परत जायचं नव्हतं. राकसकोप दिसायला पाहिजे होतं.

दुसरा पर्याय ब्लेंडर या त्रिमिती मॉडेलिंगच्या साधनात सगळं नव्याने घडवायचा. नातीला तोच हवा होता, कारण तिला ब्लेंडर येतं. काम स्वच्छ झालं असतं. पण काकांच्या डोळ्यांखाली ओढलेली एकेक रेष टाकून द्यावी लागली असती, आणि पंच्याहत्तरी ओलांडलेल्या माणसाला पुन्हा तेवढं बसवणं बरं दिसत नव्हतं.

तिसरा पर्याय मधला. आर्नो गेरेट्सन यांचं मॉडेलकन्व्हर्टरएक्स हे साधन बंद केलेली एमडीएल फाइल वाचून नव्या सिम्युलेटरला कळणाऱ्या जीएलटीएफ स्वरूपात काढून देतं. आकार तसाच न्यायचा, कातडी दुरुस्त करायची, उपकरणं एकेक पारखायची, उडण्याचे आकडे मागाहून बघायचे.

तिसरा ठरला. अट एकच घातली: रोज मूळ सीडीची प्रत बाजूला ठेवूनच काम सुरू करायचं.

कातडी आणि टेकू

आरपार दिसण्याचं कारण मजेशीर निघालं. चित्रात लाल, हिरव्या, निळ्या रंगांच्या वाहिन्यांशिवाय अल्फा नावाची चौथी वाहिनी असते. जुन्या सिम्युलेटरमध्ये तिच्यात चकाकी ठेवायची पद्धत होती. पत्रा किती चमकावा हे ती वाहिनी सांगायची. नवा सिम्युलेटर त्याच वाहिनीतून पारदर्शकता वाचतो. पुतण्याने रुपेरी पत्रा भरपूर चमकता ठेवला होता, म्हणून नव्यात तो भरपूर पारदर्शक झाला. जेवढी जुनी मेहनत जास्त तेवढं विमान जास्त अदृश्य! मटेरियलचा प्रकार अपारदर्शक केला, चकाकी काढून नव्या पद्धतीच्या वेगळ्या चित्रात ठेवली. त्या चित्रात लाल वाहिनीत सावली, हिरव्यात खरबरीतपणा, निळ्यात धातूपणा असतो. कॅनोपीची, म्हणजे कॉकपिटवरच्या झाकणाची, काच तेवढी पारदर्शक राहू दिली. एका संध्याकाळचं काम.

आपटण्याचं दुखणं चिवट होतं. विमान जमिनीला कुठे टेकतं हे सीएफजी फाइलमध्ये ओळी-ओळींनी लिहिलेलं असतं: पुढे-मागे किती फूट, डावी-उजवीकडे किती, खाली किती, चाकाची त्रिज्या, उभं असताना स्प्रिंग किती दबते. शिवाय विमान उभं असताना गुरुत्वमध्य जमिनीपासून किती उंच आणि नाक किती अंश वर, हे दोन आकडे वेगळे. ते या ओळींशी जुळले नाहीत, तर सिम्युलेटर विमानाला जमिनीत थोडं रुतवून उभं करतो आणि पुढच्या क्षणी स्प्रिंग त्याला वर फेकते. जुन्या आवृत्तीने ही विसंगती खपवून घेतली होती, नवीने घेतली नाही.

नात आकडे चाचपडत बसली. अर्धा इंच खाली, पाव इंच वर. थरथर कमी व्हायची, जायची नाही. तेव्हा आम्ही काकांना पहिल्यांदा पडद्यासमोर बसवलं. त्यांनी थरथरीकडे बघितलंही नाही. म्हणाले, “शेपूट वर हाय. असं उभं ऱ्हात नव्हतं ते.”

आतल्या खोलीतून त्यांनी एक जुना फोटो आणला. बिदरचा, विमान बाजूने दिसणारा, चारजण पंखापाशी उभे. नातीच्या शाळेतल्या कंपासपेटीतला कोनमापक काढून त्यांनी फोटोतल्या धावपट्टीच्या रेषेवर ठेवला, कॅनोपीखालच्या कडेवर पेन्सिलीने बारीक रेघ ओढली आणि कोन वाचला. आमच्या फाइलमधल्या कोनापेक्षा तो बराच जास्त होता. विमान पंधरा वर्षं चुकीच्या ढबीत उभं होतं आणि जुन्या सिम्युलेटरमध्ये ते कुणाच्या डोळ्यावर आलं नव्हतं.

तो कोन फाइलमध्ये घातला, त्यावरून शेपटाच्या चाकाची उंची काढली, मग गुरुत्वमध्याची. थरथर थांबली. आधी खरी ढब, मग आकडे. आम्ही उलट क्रमाने करत होतो.

उपकरणं

इथे फार वेळ घालवला नाही. सी भाषेतली जुनी उपकरणं ३२ बिटांच्या कार्यक्रमासाठी बांधलेली, नवा सिम्युलेटर ६४ बिटांचा. ती तिथे चालणारच नाहीत. पुतण्याने एक्सएमएलमध्ये लिहिलेली दोन उपकरणं, उंचीमापक आणि इंजिनाच्या फेऱ्यांचं, थोड्या डागडुजीनंतर चालली.

उतरवलेली उपकरणं नव्याने बांधून घेता आली असती, चित्रं आमच्याकडे होतीच. पण त्यांच्या सोबतच्या रीडमी या माहितीच्या फाइलीत वैयक्तिक वापरापलीकडे मनाई लिहिलेली, आणि नातीला हे विमान पुढे इतरांना द्यायचं होतं. मूळ बनवणाऱ्याचा पत्ता लागेना. ती सोडून दिली आणि सिम्युलेटरच्या स्वतःच्या साध्या उपकरणांवर काम भागवलं. कॉकपिट त्यामुळे अस्सल राहिलं नाही. काकांनी त्याबद्दल चकार शब्द काढला नाही. ते कॉकपिटमध्ये बसलेच कुठे होते?

उडण्याचे आकडे

प्रकरणाचा गाभा हा. नव्या सिम्युलेटरमध्ये उड्डाणाची दोन गणितं आहेत. जुनं, म्हणजे आधीच्या आवृत्तीसारखं ठराविक तक्त्यांवर चालणारं. आणि नवं, जे पंखाची लांबी, रुंदी, कोन यांवरून विमानाचा पृष्ठभाग शेकडो तुकड्यांत विभागून प्रत्येक तुकड्यावरचा वारा मोजतं. जुनं निवडलं की जुने आकडे बऱ्यापैकी चालतात. नवं निवडलं की विमानाची भूमिती खरी असावी लागते.

नातीचा कौल नव्याला. माझा जुन्याला, कारण काम लवकर संपलं असतं. काकांना दोन्हीतला फरक दाखवला. जुन्या गणितावर विमान ओळखीचं उडत होतं, चपळ, थ्रॉटल दिलं की उचललं जाणारं. काका खूश. नव्या गणितावर तेच आकडे घातले की विमान पतंगासारखं वर जायचं, नाक खाली दाबून धरावं लागायचं. काका म्हणाले, “हे बिघडवलंय तुम्ही.”

तिथे जुन्यावर थांबलो असतो तर कुणी काही म्हटलं नसतं. पण नातीला एक गोष्ट खटकली. सीएफजीच्या उड्डाण-जुळणीच्या भागात जे गुणक असतात, उचल, ओढ, शेपटाचा परिणाम वगैरे, ते सगळे १ च्या आसपास असायला हवेत. १ म्हणजे ‘गणिताने काढलं तसंच’. इथे जवळजवळ सगळे गुणक १ पासून दूर होते, आणि इंजिनाच्या ताकदीचा गुणक तर १.५. म्हणजे १५५ घोड्यांचं इंजिन २३० घोड्यांसारखं ओढत होतं. ही ताकद कशासाठी लागली?

पुण्याला फोन केला. पुतण्याला आठवत होतं: विमान काही केल्या ठरलेला वेग गाठत नव्हतं, म्हणून ताकद वाढवली. ताकद वाढवल्यावर नाक वर जायला लागलं, म्हणून शेपटाचा गुणक बदलला. मग ते हलायला लागलं, म्हणून स्थैर्य वाढवलं. ठरलेला वेग कुठला? फाइलमध्ये लिहिलेला, ११५.

नातीने एचटी-२ चा छापील तपशील शोधला. पंखांची लांबी ३५ फूट २ इंच, पंखांचं क्षेत्रफळ १७३ चौरस फूट, रिकामं वजन १,५४० पौंड, भरलेलं २,२४०. कमाल वेग ताशी १३० मैल, नेहमीचा ११५. मैल! सिम्युलेटरच्या फाइलमध्ये वेग नॉट्समध्ये, म्हणजे ताशी सागरी मैलांत, लिहायचा असतो. ताशी ११५ मैल म्हणजे १०० नॉट. एकक न बदलता तो आकडा तसाच उतरला होता, आणि विमानाला १५ टक्के जादा वेगाने उडायला लावण्यासाठी बाकीचं सगळं वाकवलं गेलं होतं. सपाट उड्डाणात लागणारी ताकद ढोबळमानाने वेगाच्या घनाने वाढते. १.१५ चा घन काढला तर १.५२ येतो. पुतण्याचा १.५ हा गुणक चाचपडत आलेला होता, पण निसर्गाच्या नियमाप्रमाणे अगदी चोख आलेला होता.

एवढं कळल्यावर माझा कौल बदलला. जुन्या गणितावर ठेवलं असतं तरी हे आकडे चुकीचेच होते; नवं गणित फक्त ते झाकत नव्हतं. सगळे गुणक १ वर आणले. छापील तपशिलातली भूमिती आणि वजनं घातली. मग चाचणी कुठे घ्यायची, हा प्रश्न आला. सांबऱ्याची धावपट्टी समुद्रसपाटीपासून सुमारे अडीच हजार फुटांवर. तिथे अशा साध्या इंजिनाची ताकद विरळ हवेमुळे सात-आठ टक्के घटते. छापील कमाल वेगाशी तिथला वेग ताडून बघितला तर पुन्हा कमीच भरणार, आणि पुन्हा कुणीतरी गुणक फिरवणार. म्हणून चाचण्या गोव्याच्या दाबोळीवरून, समुद्रालगत घेतल्या. प्रमाण हवामान, भरलेलं वजन, पूर्ण थ्रॉटल, सपाट उड्डाण. कमाल वेग ११३ नॉटच्या आसपास यायला हवा होता. पहिल्या खेपेला थोडा कमी आला, पंख्याच्या पात्याचा कोन किंचित बदलल्यावर जमला. नियम केला होता की एका वेळी एकच आकडा हलवायचा आणि तो का हलवला ते वहीत लिहायचं.

काकांचा नकार

विमान आता खरं उडत होतं, आणि काकांना ते आवडलं नाही. सांबऱ्याहून उचलायला लांब धाव, वर चढायला वेळ, पश्चिमेला राकसकोप ओलांडून तिलारीच्या बाजूला घाट येईपर्यंत उंची जेमतेम. “एवढं सुस्त नव्हतं ओ ते.”

आता काय करायचं? त्यांचं विमान, त्यांची आठवण. जुना चपळपणा परत देणं दोन मिनिटांचं काम होतं. पण त्यांची ही आठवण नेमकी कशाची, हे विचारायला हवं होतं, आणि ते नातीने विचारलं: “अज्जा, तुम्ही आत बसून उडालात कधी?” एकदाही नाही. जमिनीवरून बघितलेलं. मग चपळपणाची ओळख कुठली, बिदरची की पंधरा वर्षं पडद्यावर उडवलेल्या विमानाची? काका बराच वेळ काही बोलले नाहीत, मग चहा मागितला.

आम्ही वाटणी केली. जमिनीवरचं सगळं काकांच्या शब्दावर: ढब, टॅक्सी करताना पुढचं न दिसणं, त्यासाठी नाक डावी-उजवीकडे वळवत जावं लागणं, ब्रेक जोरात दाबला तर शेपूट उचललं जाणं. तिथे त्यांचं म्हणणं आणि फाइल जुळली नाही तर फाइल बदलायची. चाकं सुटल्यानंतरचं छापील आकड्यांवर. या वाटणीनंतर शेपटाच्या चाकाचं वळणं त्यांनी इतक्या वेळा नापास केलं की नात वैतागली. शेवटी पास केलं तेव्हा मात्र मान हलवून, बोलून नाही.

निकाल

विमान २०२० च्या आवृत्तीत चालतं. नोव्हेंबर २०२४ मध्ये पुढची आवृत्ती आल्यावर तेच पॅकेज तिथे टाकून पाहिलं. उघडलं, उडलं, कॉकपिटमधले काही कॅमेरे जागेवरून सरकले. ते दुरुस्त करायची घाई कुणालाच नाही. आवाज अजून दुसऱ्या विमानाकडून उसना आहे. जुनं चपळ विमान जुन्या सिम्युलेटरसह नातीच्या संगणकावर वेगळं ठेवलं आहे. काका ते अधूनमधून उघडतात, आम्ही काही बोलत नाही.

वेगळं काय करता आलं असतं

छापील तपशील पहिल्या दिवशी समोर ठेवायला हवा होता. आकार आणि कातडीवर घालवलेले दिवस वाया गेले नाहीत, पण एककांची गफलत तासाभरात सापडण्यासारखी होती. जुनी फाइल घेताना तिच्यातला कुठला आकडा मोजलेला आणि कुठला जुळवलेला, हे वेगळं काढणं हेच पहिलं काम. १ पासून दूर गेलेला प्रत्येक गुणक कुणाच्या तरी तडजोडीची खूण असतो. तो नव्या घरी नेण्याआधी ती तडजोड कशासाठी होती हे त्या माणसाला विचारावं. पुण्याचा फोन आधी करायला हवा होता.

काकांना उशिरा बसवलं, हेही. दुखरं विमान त्यांना दाखवू नये हा नातीचा विचार मायेचा होता, पण ढबीची चूक त्यांच्याशिवाय कुणालाच दिसणार नव्हती.

आणि एक गोष्ट अजून तशीच आहे. एचटी-२ गिरकीत (स्पिनमध्ये, म्हणजे ताबा सुटून गरगरत खाली येण्यात) कसं जातं आणि कसं बाहेर येतं याचे भरवशाचे आकडे आमच्याकडे नाहीत. काकांनी आपल्या जुन्या सहकाऱ्यांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर, ज्यांनी विद्यार्थी म्हणून ते उडवलं असेल अशांचा माग काढायला सांगितलं आहे. उत्तर येईपर्यंत त्या भागाला हात लावायचा नाही असं ठरलं, आणि नातीने पॅकेजच्या रीडमीत पहिल्याच ओळीत लिहिलं: या विमानाची गिरकी खरी नाही, तिच्यावरून काही शिकू नये.